नोकरीत डावलले जात असेल तर: इंदूरच्या कर्मचाऱ्यांनी कायद्याची वाट कशी धरावी

सगळ्यात आधी एक कळकळीची विनंती: राजीनामा लिहून देऊ नका.

पगार कमी दिला, बढतीत डावलले, गरोदर आहे म्हटल्यावर "आता घरीच थांबा" असे ऐकवले, जातीवरून टोमणे मारले, की माणूस अपमानाने पेटून सही करतो आणि बाहेर पडतो. व्यवस्थापनालाही तेच हवे असते. "राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगले देऊ" हे वाक्य ज्यांच्या कानावर पडले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्हाला कोणी काढलेले नसते, तुम्ही आपणहून गेलेले असता. तो जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग तुमच्यावर येते आणि ती पार पाडणे फार अवघड असते.

सही आधीच घेतली गेली असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने कळवा: अमुक वाजता, अमुक खोलीत, अमुक जणांसमोर दबाव टाकून माझी सही घेतली; मी नोकरी सोडलेली नाही; मी कामावर यायला तयार आहे. मग खरोखरच कामावर जा. गेटवर अडवले तर अडवणाऱ्याचे नाव आणि वेळ लिहून ठेवा. हे पत्र महिनाभराने पाठवले तर त्याचे वजन निम्म्याहून कमी होते.

पहिली पायरी: भेदभाव कोणत्या कारणाने होतोय ते ठरवा

आपल्याकडे खासगी नोकरीतल्या सगळ्या भेदभावांना लागू पडेल असा एकच कायदा नाही. राज्यघटनेचे अनुच्छेद १४, १५ आणि १६ समानतेची हमी देतात, पण नोकरीच्या बाबतीत त्यांचा थेट आधार मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांविरुद्ध घेता येतो. खासगी कंपनीतल्या माणसाला वेगवेगळ्या कायद्यांतून आपल्या कारणाला लागू पडणारा कायदा शोधावा लागतो. स्त्री म्हणून कमी पगार, लैंगिक छळ, गरोदरपण, जात, अपंगत्व, युनियनमध्ये असणे: यातल्या प्रत्येकासाठी कायदा वेगळा, अर्ज घेणारे कार्यालय वेगळे, मुदत वेगळी. चुकीच्या कार्यालयात चार महिने खेटे घालण्यात मुदत निघून जाते, म्हणून या पायरीवर दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

यासोबत दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे जिल्हा. इंदूरमध्ये राहून रोज कंपनीच्या बसने पीथमपूरला जाणारे हजारो लोक आहेत. पीथमपूर धार जिल्ह्यात येते. तिथल्या कारखान्याविरुद्धची तक्रार साधारणपणे धारच्या अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत पडते, इंदूरच्या नाही. देवासला जाणाऱ्यांचेही तसेच. तुमचे घर रामबागेत आहे की राजेंद्रनगरात, याने फरक पडत नाही. कामाची जागा कुठे आहे हे पाहिले जाते.

दुसरी म्हणजे तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आणि समान वेतन, औद्योगिक विवाद, प्रसूती लाभ यांचे जुने कायदे त्यांत सामावले गेले. घटना त्याआधीची असेल तर जुन्या कायद्याचे कलम लागू शकते. अर्जात घटनेची तारीख ठळक लिहा आणि वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

दुसरी पायरी: पुरावा जमवा, तोही तुलनेचा

भेदभाव सिद्ध होतो तो तुलनेतून. "माझ्यावर अन्याय झाला" एवढ्याने अधिकारी हलत नाही. "माझ्याबरोबर, माझ्याच पदावर, माझ्याएवढीच पात्रता असलेला पुरुष सहकारी तेच काम करतो आणि त्याला दरमहा सहा हजार जास्त मिळतात" असे म्हटले की त्याला प्रश्न विचारावेच लागतात. म्हणून एका कोऱ्या कागदावर तक्ता करा: तुमच्यासारखे काम करणारे तिघे-चौघे, त्यांचे पद, रुजू झाल्याचे वर्ष, शिक्षण, प्रत्यक्ष काम, पगार, शेवटची बढती. माहीत नाही ते रकाने रिकामे ठेवा, अंदाजाने भरू नका.

मग रोजनिशी. घडले त्याच दिवशी, तारीख-वेळेसह, बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे. शिवी असेल तर शिवी. आपल्याकडच्या मुली आणि बायका इथे थांबतात, घाणेरडा शब्द कागदावर कसा लिहायचा म्हणून "अपशब्द वापरले" असे लिहितात. त्या दोन शब्दांनी पुरावा पातळ होतो. लिहा.

मोबाइलवरच्या संदेशांचे स्क्रीनशॉट काढा, पण मूळ संदेश आणि तो फोनही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले तर ते सोपे जाते. नवा फोन घेताना जुना विकून टाकू नका.

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यमापनाचे ईमेल, कौतुकाची पत्रे घरी एका फायलीत ठेवा. ठेकेदारामार्फत लागलेल्यांकडे बहुधा नेमणूकपत्रच नसते. त्यांनी भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड, गेटपास आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी सांभाळाव्यात; तुम्ही तिथे काम करत होता हे त्यातून दिसते. नव्या संहितांप्रमाणे नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे, तेव्हा ते लेखी मागा. नकार मिळाला तर तो नकारही पुरावाच.

एक इशारा मात्र मनावर घ्या. कंपनीच्या सर्व्हरवरून सगळ्यांच्या पगाराची यादी उतरवून घेऊ नका. न्याय मागणाऱ्यालाच गोपनीयता मोडल्याच्या आरोपाखाली काढण्याची ती आयती संधी ठरते. जे तुमचे आहे, तुम्हाला पाठवलेले आहे, किंवा सहकाऱ्याने स्वतःहून दाखवले आहे, तेवढेच घ्या.

तिसरी पायरी: आधी आतली तक्रार, लेखी

तोंडी तक्रार केली असेल तर ती झालीच नाही असे धरून चाला. एक पानी पत्र पुरते: काय घडले, केव्हा, कोणाला वेगळी वागणूक मिळते, आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे. मागणी स्पष्ट असू द्या, उदाहरणार्थ "जानेवारीपासूनचा पगारातला फरक द्यावा" किंवा "बढतीचे निकष आणि माझे गुण लेखी कळवावेत". पंधरा दिवसांत उत्तर द्यावे असे लिहा. रागाची विशेषणे काढून टाका. हेच पत्र उद्या न्यायाधीशांसमोर असणार आहे.

वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात. घटनेपासून एक वर्षाच्या आत तिच्याकडे अर्ज करता येतो आणि तिने तीस दिवसांत काम पुरे करावे असे कायदा सांगतो. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत आपल्या कामगार संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवून आणणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येते. युनियनचे सभासद असणे इथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

चौथी पायरी: बाहेरच्या कार्यालयाकडे

स्त्री म्हणून कमी पगार. वेतन संहितेचे कलम ३ सांगते की त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी लिंगावरून पगारात भेदभाव करता येणार नाही. भरती आणि सेवाशर्तींनाही हे लागू आहे. या संहितेत कर्मचारी म्हणजे फक्त मशीनवरचा कामगार नव्हे. पर्यवेक्षक, व्यवस्थापकसुद्धा त्यात येतात, त्यामुळे आयटी कंपनीतली टीम लीडरही दावा करू शकते. दावा तीन वर्षांच्या आत करायचा. तो कर्मचारी स्वतः, तिची नोंदणीकृत युनियन किंवा निरीक्षक करू शकतो, आणि अधिकारी मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असते. मालक बहुधा "दोघांची श्रेणीच वेगळी आहे" आणि "कंपनी तोट्यात आहे" असे म्हणतो. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनेही स्त्री लघुलेखिकांच्या प्रकरणात असाच बचाव केला होता आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कामात किरकोळ फरक असला तरी काम तशाच स्वरूपाचे राहते आणि पैसे नाहीत ही सबब चालत नाही, असे तो निकाल सांगतो. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा.

मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचे मुख्यालय इंदूरलाच आहे, भोपाळला नाही. जिल्ह्याचे श्रम कार्यालयही इथेच. अर्ज हिंदीत लिहा. घरात आपण मराठी बोलत असलो तरी इथल्या सरकारी कार्यालयांचे कामकाज हिंदीत चालते, आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा साध्या हिंदीतला अर्ज लवकर वाचला जातो. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. "ठेवून जा, नंतर नंबर देतो" याला हात जोडून नाही म्हणा.

लैंगिक छळ. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. तोवर तुमची किंवा त्या माणसाची बदली, किंवा तुम्हाला तीन महिन्यांपर्यंतची रजा, हे अंतरिम उपाय लेखी मागता येतात. पुष्कळ जणींना ही सोय माहीतच नसते आणि चौकशीच्या काळात त्या त्याच माणसासमोर रोज बसतात. मागा, तुमचा हक्क आहे.

समेटाचा मार्ग फक्त तुम्ही मागितला तरच खुला होतो, आणि त्यात पैशांची तडजोड करता येत नाही. आरोप सिद्ध न झाल्याने तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. या भीतीने गप्प बसू नका. दहापेक्षा कमी माणसांचे दुकान, क्लिनिक, कोचिंग क्लास असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच. केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलवरून तक्रार नोंदवता येते. समितीच नेमली नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. यासोबत पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली गुन्हा नोंदवता येतो. एकाने दुसरे थांबत नाही.

गरोदरपण. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केले असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. या रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा सेवाशर्ती बिघडवणे बेकायदा आहे. गरोदर असल्याचे लेखी कळवा, डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगितले असेल तर मालक "आम्हाला माहीतच नव्हते" म्हणायला मोकळा. काढल्याचा आदेश हाती पडल्यापासून साठ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल तर लाभ ईएसआय महामंडळाकडून मिळतो. त्यासाठी नंदानगरचे कार्यालय गाठायचे.

जात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवी देणे, जाणूनबुजून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट घालता येत नाही. इंदूरमध्ये यासाठी वेगळे अजाक (अनुसूचित जाती कल्याण) ठाणे आहे, पण कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. इथे "लोकांच्या नजरेसमोर" घडले का, हा मुद्दा निर्णायक ठरतो. बंद केबिनमध्ये दोघेच असताना झालेला अपमान या कलमात बसवणे कठीण जाते. म्हणून तेव्हा आसपास कोण होते, दार उघडे होते का, कोणी ऐकले, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा. खासगी कंपनीत जातीमुळे बढती नाकारली एवढ्यावर हा कायदा सहसा पुरत नाही; तिथे पुढे सांगितलेला अनुचित श्रम प्रथेचा मार्ग धरावा लागतो.

अपंगत्व. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधीचे धोरण जाहीर करायला सांगतो. ते लेखी मागा. सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून नोकरीवरून काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. तक्रार भोपाळच्या राज्य आयुक्तांकडे करायची. केंद्र सरकारच्या संस्थेत असाल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. एचआयव्ही असलेल्यांना २०१७ च्या कायद्याचे आणि तृतीयपंथी व्यक्तींना २०१९ च्या कायद्याचे संरक्षण आहे, आणि दोन्ही खासगी नोकरीलाही लागू होतात.

धर्म, भाषा, प्रांत, वय. खासगी नोकरीत यांच्यासाठी थेट कायदा नाही, आणि ही उणीव मला फार बोचते. पण वाट अगदीच बंद नाही. औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित श्रम प्रथांची यादी आहे. गुणवत्ता बाजूला ठेवून कामगारांच्या एका गटावर मेहेरनजर करणे, सूडबुद्धीने काढणे, धोरणाच्या नावाखाली वाईट हेतूने बदली करणे, युनियनच्या कामामुळे त्रास देणे, हे सगळे तीत येते. तुमचा अनुभव या शब्दांत मांडा. मात्र या संहितेतला कामगार म्हणजे व्यवस्थापकीय काम न करणारा; पर्यवेक्षकाचा पगार महिना १८,००० च्या वर असला तर तो त्यात येत नाही.

नोकरीवरून काढले असेल तर श्रम कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जायला हवे. समेटाला साधारण ४५ दिवस, आणि तो फिसकटला तर त्या अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे अर्ज. दोन वर्षे आहेत म्हणून दीड वर्ष थांबू नका. साक्षीदार नोकऱ्या बदलतात, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाते. कार्यवाही चालू असताना विवादाच्या विषयातल्या सेवाशर्ती मालकाला परवानगीशिवाय तुमच्या तोट्याच्या बदलता येत नाहीत. लवकर जाण्याचा हाही फायदा.

सरकारी नोकर. रेल्वे, आयकर, राजा रामण्णा केंद्र अशा केंद्रीय नोकरीतल्यांनी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या जबलपूर खंडपीठाकडे, अंतिम आदेशापासून साधारण एका वर्षात जावे. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी उच्च न्यायालयाचे इंदूर खंडपीठ आहे. त्याआधी माहितीच्या अधिकारात बढतीची ज्येष्ठता यादी आणि बढती समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागवा. खासगी नोकराला न मिळणारे हे साधन तुमच्या हातात आहे.

अर्ज अडकला तर

दर मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात जनसुनावणी असते. आवक क्रमांकाची प्रत घेऊन जा. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंद केली तर तक्रार पूर्ण समाधान न होता बंद करायला संमती देऊ नका. फोन येतो, "हो म्हणा, काम होतंय" असे सांगतात. काम झाल्यावरच हो म्हणा. या दोन्ही वाटा कार्यालयाला हलवण्यापुरत्या आहेत. त्यांनी कायद्यातली मुदत थांबत नाही.

वकील आणि तडजोड

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १५१०० वर फोनही करता येतो. पैसे नाहीत म्हणून हक्क सोडण्याची गरज नाही. स्वतःचा वकील करणार असाल तर श्रम कायद्यात रोज उभा राहणारा शोधा, ओळखीतला जमिनीच्या दाव्यांचा नव्हे.

खटला वर्षे खाऊ शकतो, म्हणून चांगली तडजोड नाकारण्यात शहाणपण नाही असे माझे मत आहे. पण तीत चार गोष्टी लेखी हव्यात: रक्कम आणि ती जमा होण्याची तारीख, अनुभवपत्राचा नेमका मजकूर, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब, आणि पुढे तुमच्याविषयी वाईट न सांगण्याची हमी. शक्य असेल तर ती समेट अधिकाऱ्यासमोर नोंदवा. नोकरी संपली तर शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, तो तडजोडीच्या रकमेत धरू देऊ नका. "सर्व देणी मिळाली" अशा छापील कागदावर, रक्कम खात्यात जमा झाल्याचा बँकेचा संदेश येईपर्यंत सही करू नका.